शेकरू आणि झाडे : अकोले तालुक्यातील रानाचे देणेघेणे

खार झाडावर जगते हे उघड आहे. झाडही खारीवर जगते का, हा प्रश्न अवघड आहे आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर ओकच्या जंगलांत मिळाले आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ओक वृक्ष आणि करडी खार यांच्या संबंधांवर कित्येक दशके काम झाले आहे. ओकचे फळ टोपीत बसवलेल्या सुपारीएवढे असते आणि त्यात पिठूळ गर ठासून भरलेला असतो. वाऱ्याने उडावे इतके ते हलके नाही आणि पाखराने गर खाऊन बी टाकून द्यावी अशी त्याची रचनाही नाही, कारण खायचा भाग म्हणजेच बी. आपल्या सावलीबाहेर रोप उभे राहावे असे ओकला हवे असेल, तर कोणीतरी ते फळ उचलून नेले पाहिजे आणि न खाता जमिनीत ठेवले पाहिजे.

हे काम करडी खार करते. शरद ऋतूत ती एकेक फळ तोंडात धरून नेते आणि प्रत्येक फळ वेगळ्या जागी, दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरते. एका ढिगात सगळे ठेवले तर चोराला एकदाच हात मारता येतो. शेकडो जागी विखुरले तर सगळे कोणालाच सापडत नाही. पुरलेल्या जागा खारीला नुसत्या वासाने सापडतात असे पूर्वी मानले जाई. लुसिया जेकब्ज आणि एमिली लायमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले की शेजारी दुसऱ्या खारींनी पुरलेली फळे असतानाही प्रत्येक खार स्वतःच्या जागांकडे अधिक वेळा वळते, म्हणजे तिला जागा आठवतात. तरीही काही फळे राहून जातात. कधी हिवाळा सौम्य जातो आणि साठ्याची गरज पडत नाही, कधी पुरणारी खारच ससाण्याच्या तावडीत सापडते. राहिलेल्या फळांतून ओकची रोपे येतात.

या व्यवहारात दोन्ही बाजू हिशेबी आहेत. पांढऱ्या ओकच्या गटातील फळे पडल्यावर लगेच, त्याच शरदात रुजतात; तांबड्या ओकच्या गटातील फळे पुढच्या वसंतापर्यंत थांबतात आणि त्यांत तुरट टॅनिन जास्त असते. खार पांढऱ्या ओकची फळे बहुतेक जागीच खाते, तांबड्याची पुरते. पांढऱ्याचे पुरायचेच असेल तर दातांनी त्यातला अंकुर कुरतडून काढते, म्हणजे ते रुजत नाही आणि साठा टिकतो. फळात सोंड्याची अळी असेल तर ते साठवण्याच्या भानगडीत न पडता खाऊन टाकते. मायकेल स्टील आणि पीटर स्मॉलवुड यांच्या अभ्यासांतून पुढे आलेली आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. काही ओकच्या फळांत टॅनिन अंकुराच्या टोकाकडे अधिक असते. खार टोपीकडून खायला सुरुवात करते, तुरट भाग लागला की अर्धवट टाकून देते, आणि उरलेल्या अर्ध्या फळातूनही रोप येऊ शकते. याशिवाय ओक दर वर्षी सारखे फळत नाहीत. काही वर्षे जवळजवळ रिकामी जातात आणि मग एखाद्या वर्षी सारे रान एकदम लगडून येते. रिकाम्या वर्षांत खारींची संख्या घटते. भरगच्च वर्षी उरलेल्या खारींना सगळे खाणे शक्य नसते.

भारतात हिमालयाच्या उतारांवर बांज आणि त्याचे भाऊबंद ओक विपुल आहेत. सह्याद्रीत एकही ओक निसर्गतः उगवत नाही. महाराष्ट्राच्या रानात हा प्रश्न विचारायचा तर दुसरी झाडे आणि दुसरी खार घ्यावी लागते. त्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, अकोले तालुका चांगले ठिकाण आहे.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा बहुतांशी अवर्षणग्रस्त पठाराचा. पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी समाधान मानावे लागते. पश्चिम टोकाला मात्र घाटघरच्या कड्यावर सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. एकाच जिल्ह्यातला हा फरक झाडांत लगेच दिसतो. बाभूळ, बोर आणि कडुनिंबाचा मुलूख मागे पडतो. भंडारदऱ्याच्या वर रतनवाडी, घाटघर, साम्रद, पाचनई या गावांभोवती हिरडा, बेहडा, जांभूळ, पारजांभूळ, आंबा, अंजनी, आवळी, उंबर, करवंद आणि कारवी यांचे रान लागते. १९८६ मध्ये जाहीर झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य याच भागात आहे; त्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, त्याच्याच हद्दीत येते.

या रानातली मोठी खार म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. दक्षिणेला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यात, भीमाशंकरला, १९८५ मध्ये मुख्यतः त्याच्यासाठीच अभयारण्य झाले आणि राज्यभर त्याची ओळख तिथूनच झाली. डोंगरांची तीच रांग पुढे हरिश्चंद्रगडाकडे जाते आणि शेकरूही तिच्याबरोबर येते. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये प्रसिद्ध करणारा कर्नल विल्यम साइक्स याने सह्याद्रीतल्या शेकरूला मुंबईचा माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे नाव दिले होते. वजन दीड ते दोन किलो, पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट, आणि अंगाएवढी किंवा त्याहून लांब झुबकेदार शेपटी. गावातल्या खारीपेक्षा हा प्राणी इतका मोठा आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो खारच आहे हे पटायला वेळ लागतो.

शेकरूच्या शरीराचा प्रत्येक भाग झाडासाठी घडलेला आहे. मागच्या पायांनी फांदीला पकडून ते उलटे लोंबकळते, शेपटीने तोल सांभाळते आणि पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरून खाते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सहा मीटरपर्यंतची झेप घेते. जमिनीवर ते फारच क्वचित उतरते. जमिनीवर बिबट्या, रानमांजर आणि कुत्री, वर गरुड. गरुडापासून वाचायला दाट पाने लागतात आणि खालच्यांपासून वाचायला फांदीला भिडलेली फांदी. घरटेही त्याच बेताने बांधलेले असते. डहाळ्या आणि पानांचा मोठा गोल गुंडा उंच झाडाच्या बारीक फांद्यांत, जिथे जड प्राण्याला पोचता येत नाही आणि शेजारच्या झाडावर उडी मारून पळता येते, तिथे असतो. एकच शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बांधते. एखादे झोपायला, एखादे पिलांसाठी, काही जुनी होऊन सोडलेली. म्हणूनच वनखाते शेकरूंचा अंदाज घेताना प्राण्यांबरोबर घरटीही मोजते.

ओकच्या रानातल्या खारीपेक्षा शेकरूचे जगणे एका बाबतीत अगदी वेगळे आहे. करड्या खारीसमोर बर्फाचे तीन-चार महिने असतात. त्या काळात झाडावर खायला काही नसते, म्हणून साठा हवा. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात असा एकही महिना नाही. उन्हाळ्यात आंबा आणि करवंद, पावसाच्या तोंडावर जांभूळ, हिवाळ्यात हिरडा-बेहडा, आणि मधल्या सगळ्या फटींत फुले, कळ्या, कोवळी पाने, साल, उंबराची फळे. शेकरूच्या आहाराचा भीमाशंकर आणि कर्नाटकातील मागोड इथे १९८० च्या दशकात रेने बोर्जेस यांनी तपशिलाने अभ्यास केला. फळांवर जगणारा प्राणी अशी त्याची प्रतिमा असली, तरी अनेक जातींच्या वनस्पती आणि त्यांचे वेगवेगळे भाग यांत ऋतूप्रमाणे फिरत राहणे हीच त्याची खरी रीत आहे. फळे आटली की ते पानांवर आणि सालीवर भागवते. ओकवर अवलंबून असलेली खार एका झाडाच्या चांगल्या-वाईट वर्षांशी बांधलेली असते. शेकरूला तसे कुठलेही एक झाड पुरत नाही आणि कुठलेही एक झाड गेले म्हणून ते लगेच उपाशीही पडत नाही. त्याला हवे असते ते विविधता असलेले, अखंड रान.

त्या विविधतेत उंबर, पिंपरी, वड या वर्गाचे स्थान वेगळे आहे. आंबा आणि जांभूळ ठरावीक हंगामातच फळतात. उंबराची झाडे मात्र एकमेकांशी वेळ जुळवत नाहीत. आज हे फळते, महिन्याने पलीकडचे. याचे कारण त्यांच्या परागीभवनात आहे. उंबराच्या फळात शिरून अंडी घालणारी चिलटाएवढी माशी फार थोडे दिवस जगते, आणि तिला वर्षभर कुठल्या तरी झाडावर योग्य अवस्थेतली फळे सापडली नाहीत तर ती संपेल आणि तिच्याबरोबर उंबरही. माशीच्या या गरजेपायी रानात बाराही महिने कुठे ना कुठे उंबर पिकलेले असते. शेकरू, धनेश, हरियाल, माकडे, वटवाघळे, सारे तिथे गोळा होतात.

आता उलट बाजू. झाडाला शेकरूकडून काय मिळते? इथे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर : फार थोडे. शेकरू बिया जमिनीत पुरत नाही. खाद्य बाजूला ठेवले तरी ते वरच, फांद्यांत. आणि झाडावर ठेवलेली बी रुजत नाही. शिवाय त्याचे दात बी फोडण्यासाठीच आहेत. उदमांजर जांभूळ गिळते आणि बी शाबूत विष्ठेतून दूर टाकते. वटवाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते, रस चोखते आणि चोथा-बी खाली टाकते. माकड गालाच्या पिशवीत फळे भरून पुढे जाते आणि वाटेत बिया थुंकते. शेकरू मात्र बऱ्याच फळांत गर वगळून बीच खाते. त्या बीपुरता विचार केला तर ते ओकच्या फळातला अंकुर कुरतडणाऱ्या खारीच्या जागी आहे, फळ पुरून विसरणाऱ्या खारीच्या जागी नाही. राज्यपक्षी हरियालही याच रांगेत बसतो : त्याच्या बळकट पेषणीत उंबराच्या बारीक बियांचे पीठ होते, तर बुलबुल आणि तांबट त्याच बिया जिवंत बाहेर टाकतात.

याचा अर्थ शेकरूचा झाडाला काहीच उपयोग नाही असा नव्हे. तो सांडलवंड करणारा प्राणी आहे. एक फळ कुरतडताना आजूबाजूची अनेक फळे आणि डहाळ्या खाली पडतात. आवळी, बेहडा, जांभूळ यांची उंच शेंड्यावरची फळे अशी जमिनीवर येतात आणि भेकर, रानडुक्कर, साळिंदर यांच्या तोंडी लागतात. त्यांतली काही दूर जातात. फुले खाताना आणि मध चाटताना नाकातोंडाला परागही लागतात. पण हा सगळा खारीचा वाटा आहे. तो वाढवून सांगितला म्हणजे शेकरूचे महत्त्व वाढते असे समजण्याचे कारण नाही. ‘शेकरू जंगल लावते’ असे वाक्य माहितीफलकांवर बसायला सोपे आहे. ते ओकच्या रानातून उचललेले आहे, सह्याद्रीतल्या पुराव्यावर उभे नाही. शेकरूने जंगल लावावे लागत नाही. शेकरू टिकावे यासाठी जंगल टिकावे लागते. अवलंबन इथे बहुतांशी एकतर्फी आहे, आणि म्हणूनच ते अधिक नाजूक आहे.

सह्याद्रीत पुरून ठेवण्याची रीत का रुजली नसावी याचे एक कारण बियांतच सापडते. आंबा आणि जांभूळ यांच्या बिया सुकल्या की मरतात. त्या पहिल्या पावसात, काही दिवसांत-आठवड्यांत रुजून जातात. पांढऱ्या ओकच्या फळासारखीच ही घाई आहे : बी खाणाऱ्याला वेळच द्यायचा नाही. चार महिने पाणी वाहत असलेल्या जमिनीत पुरलेली बी एक तर उगवेल किंवा कुजेल. साठा म्हणून ती टिकणार नाही. ज्या बिया टिकतात, त्या हिरड्या-बेहड्याच्या, कठीण कोयीच्या आत बंद असतात.

हिरड्याकडे इथे थोडे थांबून पाहायला हवे, कारण ओकशी खरे साम्य या झाडात आहे. ओकच्या फळात खारीला अडवणारे टॅनिन हिरड्यात त्याहून कितीतरी जास्त असते. वाळलेल्या फळाच्या वजनात त्याचा वाटा तिसऱ्या हिश्शापर्यंत जातो. युरोपात ओकची साल आणि भारतात हिरडा, दोन्ही चामडे कमावायला वापरले गेले ते याच गुणासाठी. फळाला कीड आणि प्राणी यांपासून वाचवणारा हा तुरटपणा माणसाच्या हाती औषध झाला आणि डोंगरातल्या कुटुंबांचे उत्पन्न झाले. अकोले, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतले महादेव कोळी आणि ठाकर उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. कोय धरण्याआधीची ही कोवळी फळे झोडून, वेचून, उन्हात वाळवून विकली जातात. व्यापारी आहेतच, आदिवासी विकास महामंडळानेही हिरड्याची खरेदी केली आहे. भाव पडला की हाल होतात, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावकडची हिरड्याची झाडे मोडली तेव्हा झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

शेकरूच्या दृष्टीने या उत्पन्नाचा अर्थ मोठा आहे. बांधावरचे, मालकी जमिनीतले हिरड्याचे झाड दर वर्षी पैसे देते, म्हणून ते उभे राहते. ज्या झाडाला असा भाव नाही, त्यावर भातशेतीचा राब येतो. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर फांद्या, पाला आणि शेण पसरून जाळायची ही जुनी पद्धत. त्यासाठी ऐन, जांभूळ अशा झाडांच्या फांद्या दर वर्षी छाटल्या जातात. झाड मरत नाही, पण त्याचा पसारा जातो आणि खांबासारखा बुंधा उरतो. गणतीत ते झाड जिवंत असते. शेकरूसाठी तिथे पूल तुटलेला असतो. डोंगरातल्या शेतकऱ्याला राब सोडायला सांगणे सोपे आहे. वाफे तणमुक्त ठेवण्याचा दुसरा स्वस्त उपाय त्याच्या हाती देणे हे काम आहे, आणि तेच आधी व्हायला हवे.

देवरायांचे मोल इथे कळते. गावदेवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत कोयता चालत नाही, म्हणून वेलींनी बांधलेली उंच, म्हातारी झाडे तिथे उरली आहेत. घरट्यासाठी शेकरूला हवी असलेली रचना अशाच ठिकाणी मिळते. मात्र चहूबाजूंनी उघड्या माळाने वेढलेली देवराई शेकरूला कोंडून ठेवते. जमिनीवरून दुसऱ्या तुकड्यात जाण्याचे धाडस हा प्राणी सहसा करत नाही. रस्त्याचे रुंदीकरण, वीजवाहिनीखाली साफ केलेला पट्टा, उन्हाळ्यातला वणवा यांनी पडलेली पंचवीस-तीस मीटरची फट माणसाला जाणवतही नाही. तिने दोन बाजूंची शेकरे एकमेकांना कायमची दुरावतात. उत्तरेला डांगच्या जंगलात फिकट, जवळजवळ पांढुरक्या रंगाच्या शेकरूचा एक वेगळा प्रकार होता. विसाव्या शतकात जंगल तुटत गेले आणि तो दिसेनासा झाला. आज तो नामशेष मानला जातो. जागतिक यादीत शेकरूची जात ‘कमी चिंतेची’ आहे, कारण ती दक्षिणेत केरळ-तमिळनाडूपर्यंत पसरली आहे. सह्याद्रीच्या उत्तर टोकाशी असलेल्या विरळ रानासाठी ही वर्गवारी दिलासा देणारी नाही.

घाट उतरून संगमनेर, राहाता, राहुरीकडे आले की खार आणि झाड यांचे नाते पुन्हा बदलते. इथली पट्टेरी खार माणसाच्या आधाराने जगते. कडुनिंब, चिंच, वड, घराची वळचण, डाळिंब-पेरूच्या बागा, तिला सगळे चालते. माळरानात एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे ती जमिनीवरून धावत जाते, म्हणून तिला सलग छत्राची गरज नाही. पेमगिरीच्या प्रचंड वडासारखे झाड तिच्या कित्येक पिढ्यांचे घर होऊ शकते, पण रस्त्याकडेचा एकटा निंबही तिला पुरतो. बागाईतदाराला तिचा उपद्रव होतो, विशेषतः डाळिंबाचे फळ पोखरले की ते विकण्यालायक राहत नाही. शेकरू आणि पट्टेरी खार एकाच कुळातल्या असूनही पट्टेरी खारीला जंगल तुटल्याने फारसा फरक पडत नाही आणि शेकरूचा मुलूखच संपतो. ‘जिल्ह्यात खारी भरपूर आहेत’ या म्हणण्याला त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

शेकरूसाठी रान जोडायचे तर लागवड माणसालाच करावी लागते, आणि ती बियांच्या स्वभावाप्रमाणे करावी लागते. जांभूळ आणि आंब्याची बी साठवून पुढच्या वर्षी लावता येत नाही; फळ पडले की त्याच पावसात ती मातीत जायला हवी. हिरडा-बेहड्याच्या कोया उलट उशिरा आणि अनियमित उगवतात, म्हणून भिजवून किंवा कोय तडकवून रोपवाटिकेत आधी रोपे करणे बरे. उंबर आणि वडाच्या फांद्या लावूनही जगतात, त्यांच्यासाठी बीच लागते असे नाही. मोठ्या पडीक पट्ट्यावर एकाच जातीची हजारो रोपे लावण्यापेक्षा, दोन देवरायांमधल्या किंवा ओढ्याच्या दोन काठांमधल्या अरुंद फटीत पाच-सहा जातींची मिसळ लावणे शेकरूला लवकर उपयोगी पडते. फांदीला फांदी भिडेपर्यंत वीस-पंचवीस वर्षे जातात. तोवर त्या फटीच्या कडेला उभी असलेली जुनी झाडे राबाच्या कोयत्यापासून आणि वणव्यापासून राखणे हाच भाग अधिक तातडीचा आहे, आणि ज्यांच्या बांधावर ती झाडे आहेत त्या कुटुंबांना हिरड्याचा रास्त भाव मिळणे त्याच्याशी थेट जोडलेले आहे.